काकीच्या नखुल्यांवरची रेघ

बुधवारी सकाळी काकाच्या नंबरवरून फोन आला की मी हॅलोसुद्धा म्हणत नाय. सरळ म्हणते, "हो गं, घेतलंय चीज!" कारण मोबाइल काकाचा असला तरी बुधवारचा फोन इंदूकाकीचाच असतो आणि तिला एवढंच विचारायचं असतं. मी कल्याणला कामाला, सुट्टी बुधवारची. मंगळवारी संध्याकाळी चीजचे डबे घ्यायचे आणि बुधवारी सकाळची एसटी पकडून मुरबाड, तिथून टोकावडं. त्या बुधवारीपण मी डेपोत उभी होते, एका हातात तिकिटाचे सुट्टे, खांद्याला पिशवी, आणि फोन वाजल्यावर मी नेहमीसारखीच म्हटलं, "हो गं, घेतलंय, दोन डबे!" पलीकडून काकाचा आवाज आला. "वैशू… लवकर ये गो. इंदू नाय राहिली." सकाळी धाब्यापुढचं अंगण झाडता झाडता छातीत दुखलं म्हणाली, जीपमध्ये घातली, मुरबाड यायच्या आधीच संपलं सगळं. मी घरी पोचले तेव्हा अंगणभर माणसं, बायका मला मिठ्या मारतायत, आणि माझ्या खांद्याला पिशवीत चीजचे दोन डबे. ते कुठं ठेवायचे तेच मला कळेना. शेवटी गपचूप धाब्याच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या मागं सारले आणि मग रडले.

इंदूकाकी म्हणजे माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची, बाळूकाकाची बायको. टोकावड्याच्या थोडं पुढं, माळशेजच्या रस्त्याला आमचं घर आणि घराला लागूनच या दोघांचा धाबा. घाट बघायला जाताना तुमी तिथं थांबला असाल तर तिच्या हातचं पिठलं खाल्लेलं असायचा चान्स हाय. त्यांना मूलबाळ नाय, आणि काकीनं त्याची कधी गोष्ट होऊच दिली नाय. मी होतेच ना सारखी तिच्या पायात. आता मी हे का लिहितेय ते आधीच सांगते, नायतर मी बोलत सुटते आणि मुद्दा राहतो. मुद्दा हाय एक डबा. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र पार पुसलेलं, आणि त्यात काकीनं हातानं केलेले गव्हाच्या पिठाचे नखुले. पाऊण डबा भरलेला. आता तसे नखुले करणारं कुणी नाय. काकाचं म्हणणं, तो डबा उघडायचा नाय. माझं म्हणणं, शिजवायचे. यावरून आमचं दोघांचं सहा आठवडे वाजलं. ज्या काकाशी मी आयुष्यात भांडले नाय त्याच्याशी मी अबोला धरला, तोपण सुतक फिटल्या फिटल्या. पण हे तुमाला कळायचं तर काकी आणि पास्ता यांची ओळख कशी झाली ते कळायला पायजे.

बाळूकाका मुंबईला एका मोठ्या हॉटेलात कुक होता. गावात सांगायचे, "बाळू हॉटेलात हाय," आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं यायचं, कपबशा धुणारा बाळू. काका काय समजावत बसायचा नाय. पंधरा दिवसांनी एकदा यायचा, झोपायचा, जायचा. मी तिसरीत असताना एकदा त्यानं हॉटेलातून एक पाकीट आणलं, नळीनळीचा पास्ता, आणि काकीला म्हणाला, "उद्या मी हे करून घालतो सगळ्यांना." आणि झोपला. काकी घाटावरची, जुन्नरकडची. त्यांच्याकडं लग्नकार्यात गव्हले, नखुले, मालत्या करायची पद्धत. गव्हाच्या पिठाचे बारीक बारीक आकार हातानं करायचे, वाळवायचे आणि त्याची खीर करायची. आमी भातवाले, आमाला तांदळाच्या शेवयांपलीकडं काय माहीत नाय. तर काकीनं ते पाकीट बघितलं आणि तिला वाटलं, हे मुंबईचे मोठ्ठे गव्हले. नवरा थकून आलाय, त्यानं कशाला करायचं, आपणच करून ठेवू. काका उठला तेव्हा पातेलं भरून गुळाची खीर तयार. वर वेलची. वर खोबरं. आमी पोरं दुसरी वाटी मागत होतो.

काकाचा चेहरा मला अजून आठवतो… खीर बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. "इंदू, सगळं घातलंस?" काकी म्हणाली, "सगळं कसं घालीन? मूठभर ठेवलंय की." कारण काकीचा तो नियमच होता. कुठलाच डबा, कुठलंच पाकीट पालथं करायचं नाय. तांदूळ असो, पीठ असो, साखर असो, तळाला मूठभर राहिलंच पायजे. रिकामा डबा घरात नको, म्हणायची. भरलेल्या घराला सवय पायजे भरलेलं असायची. त्या मूठभर नळ्या काकानं मिठाच्या पाण्यात उकडल्या, तूप-मिरी लावली आणि तिच्या हातावर ठेवल्या. तिनं चावून बघितलं, म्हणाली, "बरं हाय. पण गूळ पायजे." काका परत झोपला.

मग मी सातवीत असताना ते हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकाला किचनच नको होतं. काका ट्रंक घेऊन घरी आला आणि ओटीवरच्या खाटेवर जो आडवा झाला तो दोन महिने. बोलायचा नाय. हातसुद्धा धुवायचा नाय नीट, आणि हा माणूस असा की नखं रोज घासणारा. आजा म्हणायचा, "शेतावर ये, लावणीला माणूस कमी हाय," तर भिंतीकडं तोंड. बाबा म्हणाले, "मुरबाडला कंपनीत बघतो तुझ्यासाठी," तर नुस्ता हुंकार. सगळी त्याला कायतरी सांगत होती. काकीनं कायच सांगितलं नाय. एक दिवस ती खाटेच्या पायथ्याशी बसली, सुपात तांदूळ निवडत. मी बाजूला गृहपाठ करत होते म्हणून मला माहीत.

"अवं," ती म्हणाली, "चौदा वर्सं झाली लग्नाला. नवरा काय काम करायचा ते मला म्हाईतच न्हाय."

तिनं सुपातला एक खडा काढून फेकला.

"शेतकऱ्याच्या बायकूला शेत तरी दिसतं. मला काय दिसलं? तुमची ट्रंक. तिकडं लोकांना काय करून घालत व्हता ते एकदा मला करून घाला. मग झोपा पायजे तेवढं."

काका म्हणाला, "इथं काय मिळतंय? चीज नाय, पास्ता नाय, स्टेकचं मटण नाय."

"ते माज्यावर सोडा. तुमी फकस्त हात धुवा."

खरं सांगते, त्या दिवसाचं मी अजून मिनटामिनटाचं सांगू शकते. चीज आणायला बाबांना कल्याणला धाडलं. त्यांनी पत्र्याचा डबा आणला, आजानं वास घेऊन विचारलं, "साबण हाय काय?" पास्ता मात्र मिळाला नाय. दुकानदारानं बाबांना शेवया दिल्या. मटणाला काकी मला घेऊन बाजारात गेली. स्टेक म्हणजे काय तर मांडीचा तळहाताएवढा, दोन बोटं जाड काप, असं काकानं खाटेवरूनच हातानं दाखवलं होतं. आता आमच्याकडं मटण म्हणजे बारीक तुकडे आणि भरपूर रस्सा, अर्ध्या किलोत आठ माणसं जेवली पायजेत. खाटीक सुरा हातात धरून थांबला. "अख्खे काप? न तोडता? वहिनी, कुत्रा पाळला काय?" काकी म्हणाली, "व्हय, चौदा वर्सं झाली. आता कुठं पान टाकतेय त्याला." आणि मला म्हणाली, "हे घरी सांगायचं न्हाय." मी घरी पोचता पोचता सांगितलं. काका दोन महिन्यांत पहिल्यांदा उठून बसला.

मग चूल. भाकरीच्या तव्यावर मटण चालणार नाय असं काकीनं बजावलं आणि माहेराहून आणलेला दुसरा बिडाचा तवा माळ्यावरून काढला. काकानं तो हातात घेतला, वजन बघितलं, बोटानं वाजवला… आणि मला एकदम तो दुसराच माणूस वाटला. म्हणाला, "असला तवा हॉटेलात नव्हता." मटणाचे काप पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचायला लागला. काकी कच्ची पपई किसून घेऊन आली. "आमी हॉटेलात असलं कायपण लावत नाय," काका म्हणाला. "हाटेलातला बोकड बसून खाणारा असंल," काकी म्हणाली, "ह्यो टोकावड्याचा. रोज डोंगर चढलाय." पपई लावली. वर मीठ, ठेचलेली मिरी, लसूण.

"मसाला?" काकी.

"नाय."

"हळद तरी?"

"नाय."

"मग मटणाला कळणार कसं ते मटण हाय?"

आणि पास्त्याचं काय, तर काकीनं तो बिस्किटाचा डबा काढला. तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं, तिच्या रुखवतासाठी तिनं महिनाभर दुपारी बसून केलेले नखुले होते त्यात. हरभऱ्याएवढी पिठाची गोळी घ्यायची, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवायची, उजव्या अंगठ्यानं दाबून पुढं ओढायची, की नखाएवढा खोलगट नखुला सुटून सुपात पडतो. काकीच्या डाव्या अंगठ्यावर लहानपणी विळा पडलेला, ते नख मधोमध फाटलेलंच वाढायचं. म्हणून तिच्या प्रत्येक नखुल्याला आतून मधोमध एक बारीक उभी रेघ. लग्नात कुणाचे नखुले कुठले ते बायका ओळखायच्या म्हणे, "हे इंदीचे." आजी-मावश्या तिला चिडवायच्या की हिच्या नखुल्यांना भेग. तर काकानं एक नखुला उचलून उजेडात धरला. "इंदू, ही रेघ तू मुद्दाम काढतेस?" ती ओशाळली. "न्हाय वं. नखच तसं." काका हसायला लागला. म्हणाला, "अगो, रेघवाला पास्ता बाहेरून मागवायचो आमी, महागातला! रेघेत सॉस धरून राहतो. आणि तू घरी बसून काढतेस!" मी बघितलं, काकीनं आपला अंगठा आपल्याच पदरात धरून ठेवला.

मग काकानं लोण्यात मैदा परतला, दूध ओतलं, घोटायला लागला आणि काकी मागून वाकून बघत होती ती एकदम म्हणाली, "थांबा थांबा. हे तर पिठलं हाय!" काका म्हणाला, "व्हाइट सॉस." "दुधाचं पिठलं," काकी म्हणाली आणि चमचा त्याच्या हातातून काढून घेतला. "सरका. गुठळ्या करून ठिवाल." आणि खरंच सांगते, तिनं ते असं घोटलं ना, रेशमासारखं. त्यात चीज किसून टाकलं, मिरी, उकडलेले नखुले, आणि त्याची जी तार सुटायला लागली ती आमी पोरं चुलीभोवती उभी राहून बघतोय! तिकडं तव्यावर स्टेक चरचरतोय, काका अंगठ्यानं दाबून बघतोय, उलटतोय, वर लोणी चमच्यानं ओततोय आणि मधेच, हॉटेलात ताट न्यायला वेटरला हाक मारतात तसा, मोठ्यानं ओरडला, "पिकअप!" काकी दचकली. "वराडता कशाला? म्या हितंच हाय की."

आजाला पहिलं ताट दिलं. आजानं हातानंच स्टेक फाडला, आतून गुलाबी. बराच वेळ बघितलं. "बाळ्या, हे अजून जिवंत हाय." सगळ्यांना वाटलं, झालं, काका परत खाटेवर. पण काका म्हणाला, "हॉटेलात चार नंबरच्या टेबलावर असाच एक पारशी म्हातारा यायचा, रोज परत पाठवायचा," आणि ताट घेऊन हसत हसत चुलीकडं गेला. काकीनं तो स्टेक काळा होईपर्यंत भाजला. आजा खूश. नखुले मात्र त्यानं तीनदा मागितले.

काकी सगळ्यात शेवटी जेवली. आमी तिच्याभोवती बसलो. काका उभाच, हातात फडकं, जसा हॉटेलात उभा राहायचा असेल. तिनं स्टेकचा तुकडा खाल्ला. नखुले खाल्ले. परत स्टेक. खाली बघूनच म्हणाली, "चांगलं हाय." मग ताटावरून मान वर केली. "चौदा वर्सं तुमी हे दुसऱ्यांना खायला घालत व्हता व्हय?"

त्या दिवशी बुधवार होता आणि पुढच्या बुधवारी त्यानं परत केलं. भाचीच्या रुखवतात शेवटी विकतचे गव्हले गेले. काकीच्या बहिणीनं वर्षभर ऐकवलं तिला. काकी म्हणायची, "तिचं लगीन लागलंच की. माजा नवरा उठला त्याचं काय?"

त्याच वर्षी दोघांनी धाबा टाकला. काकाचा केवढा उत्साह! पाटीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, स्टेक, चीज पास्ता. म्हणाला, मुंबईची लोकं घाट बघायला येतात, तुटून पडतील. मुंबईची लोकं आली, गाड्यांतून उतरली, पाटी वाचली आणि म्हणाली, "ते असू दे, पिठलं-भाकरी मिळेल का चुलीवरची?" पहिल्या रविवारी एकानं मागितली. दुसऱ्या रविवारी अकरा जणांनी. काका बिचारा पीठ मळतोय आणि काकी पिठलं घोटतेय बेसनाचं, एका मागून एक. पाटी कधी पुसली ते कुणी बघितलं नाय. मला वाटलेलं काका परत पडणार. तर काकी त्याला म्हणाली, "लोकांना पिठलं घालू, बेसनाचं. दुधाचं घरच्यांना. आता तरी हिशेब बरोबर झाला." बुधवारी धाबा बंद ठेवायचा तिनंच ठरवलं. शनिवार-रविवारी गिऱ्हाईक, बुधवारी आमी. पुढं मी कल्याणला कामाला लागले तेव्हा सुट्टी बुधवारची मागून घेतली ती यासाठी. ऑफिसातल्या पोरी विचारायच्या, बुधवारी उपास असतो काय? मी म्हणायचे, उपासाच्या बरोबर उलटं.

धाब्यावर दुपारी गिऱ्हाईक नसलं की काकी सूप घेऊन बसायची आणि नखुले करायची. मलापण शिकवायचा प्रयत्न केला तिनं. माझे जाड व्हायचे. "हे नखुलं न्हाय, पावली झाली," म्हणायची. "हलक्या हातानं गं वैशे. ढकलायचं न्हाय, सुटू द्यायचं." मी टायपिंगची बोटं घेऊन बसलेली, मला सगळं फास्ट पायजे. ती करता करता बोलत राहायची, न बघता, आणि सुपात टपटप टपटप नखुले पडत राहायचे, प्रत्येकावर ती रेघ. माझं कॉलेज सुटलं, मला एका मुलानं नकार दिला, मला पहिला पगार मिळाला, सगळ्याचं बोलणं त्या सुपासमोर झालंय. नकाराच्या वेळी ती म्हणाली होती, "त्याला बुदवारी बोलाव. स्टेक आतून कच्चा देते." एवढंच. मी रडता रडता हसले.

तर असा तो डबा. काकी गेल्यावर बाराव्यानंतर मी घरी गेले तर काकानं डबा तिच्या फोटोपाशी ठेवलेला. डब्याला हळदकुंकू! समोर उदबत्ती. धाबा बंद, चूल बंद, काका खाटेवर. परत तीच खाट. मला रडू यायच्या आधी रागच आला. मी म्हटलं, "काका, ती देव नाय. तिला डब्यात बसवू नको." पुढच्या बुधवारी मी म्हटलं, "शिजवू या. पोरकिडे पडतील." म्हणाला, "पडू दे." त्याच्या पुढच्या बुधवारी भांडलो. मी ओरडले की करून ठेवलेलं खायला असतं, तीच म्हणायची! तो ओरडला, "ते संपले की संपलं ना वैशू! मग काय राहिलं तिच्या हातचं?" मी बॅग घेऊन निघून आले. दोन बुधवार गेलेच नाय.

मग एका बुधवारी, गाडीत बसून, टोकावडं यायला अर्धा तास असताना, माझ्या डोक्यात ती खीर आली. तिसरीतली. "सगळं कसं घालीन? मूठभर ठेवलंय की." मी सीटवरून एवढ्या जोरात उठले की बाजूच्या मावशी म्हणाल्या, स्टॉप गेला काय गो? घरी जाऊन मी काकाला नुस्तं एवढंच म्हटलं, "काका, डबा पालथा करायचाच नाय. तिनं कधी केला होता?"

काका उठला, मोरीवर गेला आणि हात धुतले. नखं घासून घासून. मला कळलं.

डबा उघडला तर खरंच चार-पाच पोरकिडे होतेच. दोघांनी सुपात घेऊन उन्हात बसून निवडले. काका प्रत्येक नखुला उजेडात धरून बघत होता, मी घाई केली नाय. माझ्यासारखी मुलगी, मी घाई केली नाय! मूठभर बाजूला काढले. त्याची मूठ मोठी, मी म्हटलं, काकीच्या मुठीएवढे, तर दोन-चार परत टाकले. मी बाजारात जाऊन मटण आणलं. खाटकानं न विचारता जाड काप केले आणि पैसे घेताना मान खाली घातली. चूल बंद झाल्यावर माळ्यावर गेलेला बिडाचा तवा निघाला. फ्रिजमधून बाटल्यांच्या मागचे ते दोन डबे निघाले, त्या बुधवारचे. काकानं ते कधीचे असं विचारलं नाय.

आणि सॉसला गुठळ्या झाल्या! एवढ्या मोठ्या हॉटेलातला कुक, त्याच्या व्हाइट सॉसला गुठळ्या! तो चमच्याकडं बघत म्हणाला, "दहा वर्षं मी घोटलाच नाय. तिच्या हातात असायचा चमचा." आमी गुठळ्यांसकट खाल्लं. बाबा, आई आणि आमी दोघं. बाबा पहिल्यापासून चांगला भाजलेला खाणारे, त्यांच्या ताटात काकानं मुद्दाम गुलाबी वाढला, आणि बाबांनी गेलेल्या आजाच्याच आवाजात म्हटलं, "बाळ्या, हे अजून जिवंत हाय." आई हसली, मग रडली, मग म्हणाली, नखुले वाढ अजून. आणि खरंच, रेघेत सॉस धरून राहतो. जिभेला लागते ती रेघ. इतकी वर्षं खाल्लं पण मला ते माहीत नव्हतं, कारण मी नेहमी गपागप खायचे.

जेवण झाल्यावर काकानं पीठ भिजवलं. मी, तो आणि सूप. त्याचे नखुले माझ्यापेक्षा वाईट, शिंपल्याएवढे. नख गुळगुळीत, रेघ उमटणार कशी? चार केल्यावर त्यानं सुरीच्या टोकानं एकाला मधोमध रेघ मारून बघितली. बरोबर दिसली. मग तो नखुला त्यानं बोटानं पुसून परत गोळी केली. "नको," म्हणाला. "ती तिची." आणि मला म्हणाला, "तुझे पातळ कर गो जरा, पावल्या काय करतेस?"

आता तो डबा फोटोपाशी नाय, चुलीशेजारच्या फळीवर हाय, पयल्या जागी. कुंकू पुसलंय, पत्र्यावर थोडा लाल डाग राहिलाय. तळाला मूठभर काकीचे, रेघवाले, एका कागदाखाली. वर आमचे, जाडे, वाकडे, बिनरेघेचे. "वरवर काढायचे," काकानं मला सांगितलंय, "आणि संपायच्या आधी भरायचे." धाबा मागच्या शनिवारी उघडला. पिठलं आई घोटते. गुठळ्या होतात, पण लोकं चुलीचं म्हणून खातात.

आणि काल, मंगळवार असून, सकाळी कामाला जाताना डेपोपाशी माझा फोन वाजला. काकाचा नंबर. मला क्षणभर काय करावं कळेना. पयल्यांदाच मी नीट म्हटलं, "हॅलो?"

"हॅलो काय हॅलो?" काका पलीकडून ओरडला. "उद्या बुधवार हाय. चीज घेतलंस काय गो?"